दोन लाल कोट

बुधवार, संध्याकाळ

गेवराईचं लग्न वाजवून आत्ताच घरी आलो. डोकं अजून तापलेलंच हाय.

चूक माझीच. सकाळी पिशवीत आताच्या कड्याच्या बँडचा कोट टाकायचा, तर सिरसाळ्याचा टाकला. दोन्ही लाल. सिरसाळ्याचा बँड सोडून दोन वर्षं झाली, पण कोट परत द्यायचा राहूनच गेला. मारुतीच्या देवळापुढं परण्या, नवरदेवाची मिरवणूक, निघायच्या वेळी कोट झटकला, तर पाठीवर जुन्या बँडचं नाव.

आमचे बँडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "तीन बँड फिरलास. आता कुणाचा हायेस, ते तुलाच ठाऊक न्हाई."

एवढं का लागलं मला? बँड काय हौसेनं सोडले का? पहिला बँड डीजे आल्यावर बंद पडला. सिरसाळ्यात क्लॅरिनेट बाजूला ठेवून झांज वाजव म्हणाले, म्हणून निघालो. आणि तिन्ही ठिकाणी कोट मिळाला तो आधीच्या माणसाच्या मापाचा. बाह्या मनगटाच्या वर.

मी कोट घडी करून ठेवला आणि नुसत्या शर्टावर वाजवायला लागलो. बाह्या ओढत नव्हत्या, हात लई दिवसांनी मोकळे चालले. नवरदेवाचा मामा थेट माझ्यापाशी आला. "मास्तर, तेच परत एकदा घ्या."

उद्या दोन्ही कोट ज्याचे त्याला देऊन टाकणार. बोलावलं तर जाईन, पण शर्टावरच.

कुणाचा हायेस म्हणे. कोट तीन झाले, फुंकणारा एकच हाय.