उत्तर आलं तरी

अक्का,

रविवार असूनही तारिहाळला ओतकामाच्या कारखान्यात जातोय. माठ भरून ठेवलाय.

आमचा उन्हाळ्याचा नियम तुला माहीत आहे. मी लांबून ओरडायचं, "पाणी प्यालास?" भट्टीजवळून कामगाराचं "प्यालो, अण्णा" असं उत्तर आलं, की माणूस शाबूत. जवळ जाऊन तोंड कोण बघणार, तिथं उकडतं ना!

काल भट्टीवरच्या यल्लाप्पानं दुपारभर प्रत्येक हाकेला उत्तर दिलं. शेवटी साच्यांमागे पडलेला सापडला. अंग चटका बसेल इतकं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. डॉक्टर म्हणाले, हा दुपारपासूनच बेशुद्ध असणार. अजून डोळे उघडलेले नाहीत. मॅनेजरसाहेबांच्या मते उत्तर आलं होतं, म्हणजे नियम पाळला गेला.

आजपासून मी ओरडणार नाही. प्रत्येकाजवळ जाऊन हात लावून बघणार.

आणखी एक. काल संध्याकाळी तू स्वयंपाकघरातून विचारलंस, "पदू, पाणी प्यालास का रे?" घरातून "प्यालो, अण्णा" असं उत्तर आलं आणि तू निवांत झालीस. मी तेव्हा फाटकाबाहेर स्कूटर लावत ते ऐकत होतो.

तेव्हा आज मी परतल्यावर आतून विचारू नकोस. बाहेर ये आणि माझ्या कपाळाला हात लाव.

पदू