हिरड्यांनी धरलेला सूर

प्रिय आप्पा,

मध्यंतरी एका डॉक्टरबाईंनी तुमच्याबद्दल विचारलं. मला त्यांना नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही होतात तेव्हा पत्राची गरजच पडली नाही. तुमचं केडगाव ते माझं शिक्रापूर, अंतर ते कितीसं, आणि फोन होताच.

ब्रश करताना माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं. बरेच दिवस मी ते मनावर घेतलं नाही. कंपनीतली शिफ्ट, चहावर चहा, घरी आल्यावर जेवून तशीच आडवी. मग एकदा पेरू खाताना फोडीला रक्त लागलेलं दिसलं आणि चौकातल्या दातांच्या दवाखान्यात गेले.

बाईंनी हिरड्या तपासल्या आणि विचारलं, "वडिलांचे दात कसे होते?"

"चांगले होते. एकही किडलेला नव्हता."

"म्हणजे शेवटपर्यंत होते?"

"नाही. ते गेले त्याच्या कितीतरी आधी दात गेले."

"किडले नव्हते तरी?"

"तरी."

"मग हिरड्यांनी गेले," त्या म्हणाल्या आणि हातातल्या कामाला लागल्या.

आप्पा, हे आपल्या घरात कुणाला ठाऊक होतं? तुम्ही तर पावण्यारावळ्यांत सांगत फिरायचात, "आमच्यात दाताला कीड न्हाई." दात पांढरा आहे, दुखत नाही, म्हणजे झालं. तो ज्यात रोवलाय तिकडं कोण बघतंय?

मला बाईंना सांगायचं होतं की माझे वडील बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. पण तोंडात त्यांची नळी होती, आणि बाहेर माणसं खोळंबली होती.

दौंडपासून शिरूरपर्यंत ज्यांच्या घरी लग्न निघायचं, ते सुपारी द्यायला आले की आधी विचारायचे, "क्लॅरनेटवर आप्पाच हायेत ना?" मी लहान असताना तुम्ही मला ते वाद्य तोंडात कसं धरायचं ते दाखवलं होतंत. खालचा ओठ दातांवर दुमडून घ्यायचा आणि वरचे पुढचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवायचे. "दात म्हंजी खुंटा," तुम्ही म्हणालात. "सूर त्याला बांधल्याला असतो."

त्या खुंट्याची तुम्ही काय काळजी घेतलीत? सकाळी मशेरी. दिवसभर चुना लावलेल्या तंबाखूची गोळी, डाव्या गालात. लगीनसराईत टेम्पोतच झोप, टेम्पोतच जेवण, वर मांडवातली जिलबी आणि एक चूळ. शुगर निघाल्यावर आईसमोर बिनसाखरेचा चहा प्यायचात आणि बँडच्या पोरांबरोबर गोड. आईला ते माहीत होतं. तिला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत होतं ना?

थुंकीत लाली दिसायला लागली तेव्हा तुम्ही तुमचा एक नियम काढलात. जिथून रक्त येतं तिथं बोट लावायचं नाही. तिथं तंबाखू धरायची, म्हणजे रक्त थांबतं. आणि खरंच थांबायचं. आता बाई म्हणतात, तंबाखूनं रक्त दबतं, आजार दबत नाही. वरून हिरडी बरी दिसते आणि आतलं हाड झिजत राहतं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही. हे सगळं त्या मला समजावत होत्या, आणि मी तुमच्या वतीनं ऐकत होते.

वढूच्या बाजूला एक लग्न होतं. मिरवणूक ऐन रंगात असताना तुमचा सूर तुटला. ट्रंपेटवाल्या रघूकाकांनी सांभाळून घेतलं, त्यामुळे लोकांना काही कळलं नाही. घरी आल्यावर तुम्ही आरशासमोर उभे राहून पुढचा दात अंगठ्यानं हलवून बघत होतात. तो हलत होता.

तेव्हा मात्र आईनं तुम्हाला दौंडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तंबाखू बंद करा, साखर सांभाळा, साफसफाईला आणखी काही वेळा या, बरेच दात वाचतील. तुम्ही एकदाच गेलात.

"परत कवा जायचं?" आईनं विचारलं.

"न्हाई जायचं. दातावरचं कीटण काढलं आन् दात जास्तच हालाया लागलं. कीटणानंच धरून ठिवलं हुतं त्यांना."

"डॉक्टरनं बोलावलंय."

"त्याला बोलवाया काय जातंय? वाजवायचं मला हाय."

माझेही दात साफ केल्यावर मोकळे वाटले. मी घाबरून विचारलं, तर बाई म्हणाल्या, कीटण निघालं, सूज उतरायला लागली की काही दिवस तसं वाटतं, हिरडी आवळली की बरं होतं. एवढंच होतं ते. त्या दिवशी दौंडला तुम्हाला कुणी हे एक वाक्य सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा गेला असतात का? की तरीही काहीतरी कारण काढलं असतंत?

पुढं तुम्ही वाद्याच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून वाजवलंत, म्हणजे दाताला हादरा कमी बसेल. तेही फार काळ चाललं नाही. पुढचे दात एकेक करून गेले आणि कवळी आली. कवळी सूर धरेना, घसरायची. मग तुम्ही झांज घेतलीत. क्लॅरनेटवर दुसरा कुणी आला आणि तुम्ही त्याच्या शेजारून झांज वाजवत चालायचात. बोलताना तोंडापुढं उपरणं धरायची सवय तेव्हाच लागली.

माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी तुम्ही त्या माणसाकडून क्लॅरनेट मागून घेतलीत. रघूकाका जवळ आले आणि हळूच म्हणाले, "आप्पा, ऱ्हाऊ द्या. पोरगी समजून घेईल."

"पोरीनं कशापायी समजून घ्यायचं?" तुम्ही म्हणालात.

मग भरल्या मांडवात, माझ्या सासरच्या सगळ्यांसमोर, तुम्ही कवळी काढलीत, रुमालात गुंडाळलीत आणि आईच्या हातात दिलीत. बायका बघत होत्या. तुम्ही दोन्ही ओठ आत दुमडून वाद्य नुसत्या हिरड्यांनी धरलंत आणि वाजवायला लागलात. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग सूर लागला. तो तुमचा नेहमीचा नव्हता. वर चढत नव्हता, म्हणून तुम्ही सगळी चाल खालीच ठेवलीत, संथ. बाकीचा बँड गप्प उभा होता. मी रडले नाही. मला ऐकायचं होतं.

थांबलात तेव्हा ओठांवर रक्त होतं. मी विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई. जा तू. गाडी थांबलीय."

त्यानंतर काही दिवसांनी तुम्ही तंबाखू सोडलीत. कुणी सांगितलं नव्हतं आणि तुम्हीही कुणाला सांगितलं नाहीत. खिशातली डबी दिसेना तेव्हा आईला कळलं. आप्पा, दात होते तेव्हा का नाही सोडलीत? हे विचारायला मी बऱ्याचदा फोन हातात घेतला आणि दरवेळी "जेवलात का" एवढंच विचारलं.

तुम्ही दातांनी गेला नाहीत, हार्टनं गेलात. दुपारी जेवून पडलात ते उठला नाहीत. त्याच्या आदल्या संध्याकाळी दारात बसून तुम्ही हिरड्यांनीच थोडं वाजवलं होतंत, असं आई सांगते. शेजारच्या माणसानं दाद दिली म्हणे. मला बरं वाटलं ते ऐकून.

आता आईचं सांगते. तिची मशेरी अजून सुटलेली नाही. मागच्या रविवारी केडगावला गेले होते. ती भाकरी कुस्करून दुधात भिजवून खात होती. विचारलं तर म्हणाली, "वरची बाजू हालतीया." मी दवाखान्याचं काढलं, तशी म्हणाली, "आता माझं दात कोण बघणार हाय?"

भांडी घासून झाल्यावर मी तिला म्हटलं, "कुणी बघायला नको. तुला नीट खाता यायला हवं." मी निघाले तेव्हा तिनं विचारलं, "तिथं दुखवत्यात का गं?"

येत्या रविवारी मी तिला शिक्रापूरला आणते आहे. दात हलल्यासारखे वाटतील हे तिला आधीच सांगेन. नंतर ती घाबरली तरी पुन्हा नेईन आणि पुन्हा नेईन. मशेरी सोडावी म्हणून भांडेन. तुमच्याशी भांडायला मी धजले नाही. तिच्याशी भांडेन, आप्पा, हा माझा शब्द.

तुमची लेक,
सारिका