बाबांची ढोलकी आणि कतारिना

१० फेब्रुवारी २०१८, शनिवार

नवरा आजही गेला. बाबांची ढोलकी खांद्याला अडकवून, शीळ घालत. मी कणीक मळत होते, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कतारिना जीवनच्या ऑफिसात टेस्टिंगला आहे. स्लोव्हाकियाची. तिचा बँड आहे, नोचना झ्मेना – म्हणजे म्हणे रात्रपाळी. रॅप, पंक आणि मधूनमधून सरकारची खरडपट्टी. भाषा कुणाला कळत नाही, तरी जर्मन पोरं उड्या मारतात. ऑफिसच्या पार्टीत जीवनने टेबलावर ठेका धरला आणि बाईसाहेब खूश! तेव्हापासून दर शनिवारी तिच्या बिल्डिंगच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, तालीम.

घरी वाजवता येत नाही हे खरं. दोन थापा पडल्या की खालच्या मजल्यावरच्या फ्राऊबाई झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. पण म्हणून तिचंच तळघर? अख्ख्या ब्योब्लिंगेनमध्ये दुसरं तळघर नाही?

१४ फेब्रुवारी

फोनकडे बघून हसत होता. विचारलं तर हल्लीच्या सवयीने जर्मन घुसडत म्हणे, "कतारिनाचा जोक आहे गं, आल्झो... तुला नाही कळणार."

मला नाही कळणार!

१७ फेब्रुवारी

नांदेडहून आईचा फोन. "जावई कुठंयत?" "तालमीला गेलेत." आईसमोर 'गेलेत', एरवी 'गेला'.

"ढोलकी नेली का?"

"हो."

"बरं." एवढंच बोलली.

बाबा गेल्यावर ती ढोलकी आईनेच माझ्या बॅगेत कोंबली, मी न मागता. तिला घरात बघवत नसणार. बाबांची भीमगीतांची गायन पार्टी होती. पुढे बाबा, गळ्यात ढोलकी. मागे आई, झील धरायला. शाहिराची ओळ संपत आली की मागच्यांनी 'जी जी रं जी' उचलायचं, ती झील. लहानपणी मीही आईच्या मांडीला टेकून धरायची.

३ मार्च

स्लोव्हाकियात एका तरुण पत्रकाराला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला घरात गोळ्या घातल्या. कतारिनाने त्यावर गाणं केलंय. गाताना ती रडली म्हणे. सांगताना ह्याचाही आवाज भरून आला. वाईट मलाही वाटलं, खूप वाटलं. पण मी रडते तेव्हा हा भांडी घासायला उठतो.

आणि त्या गाण्यात आता 'जी जी रं जी' आहे! ह्याने शिकवलं. मोठ्या कौतुकाने फोनवर ऐकवलं. साफ चुकीचं. कतारिना ओळ पुरती संपल्यावर उचलते. शाहिराचा श्वास जिथे तुटतो तिथेच उचलायला हवं, मध्ये भोक पडता कामा नये. हे मी ह्याला सांगितलं नाही. चुकू दे.

माझ्या आईची झील तिच्या तोंडात! अंगाची नुसती आग झाली.

१० मार्च

ढोलकी फुटली. कातडं उभं चिरलं.

तळघरातल्या ओलीने सैल पडली म्हणून जीवनने हायत्सुंगवर, खोलीच्या हीटरवर, तापत ठेवली होती. अरे, शेकतात ती हलगी! ढोलकीच्या कड्या ओढायच्या असतात. ह्याच्या आजोबांची हलगी होती, त्यांनी बाबासाहेबांचं ऐकून गावकीच्या कामांबरोबर तीही सोडली. ह्याला सगळं ऐकीव.

"तिच्यासाठी फोडलीस," मी म्हटलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर. तिच्यासाठीच. झालं समाधान?"

कुणीच जेवलं नाही. आईला कसं सांगू? बाबांचं एवढंच उरलं होतं. ऐकून ती खचेल.

११ मार्च

बाई स्वतः घरी आली. खसखशीचा केक घेऊन. दारात बूट काढले, न सांगता. दिसायला काही खास नाही. हे तर आणखीच वाईट – मग ह्याला आवडतं काय?

बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिने माफी मागितली ती माझी, जीवनची नाही. म्हणाली, ढोलकी तुझी होती, मी तुलाच विचारायला हवं होतं. मग म्हणाली, "जिवान सांगतो, खरं तर तुलाच येतं हे." आणि तिथेच टेबलाशी बसून 'जी जी रं जी' सुरू. तेच, चुकीचं.

मला राहवलंच नाही. हात वर करून थांबवलं तिला. म्हणून दाखवलं.

"नोख माल – पुन्हा एकदा," ती म्हणाली. पुन्हा. मग पुन्हा. खालून झाडू वाजला तेव्हा भानावर आलो. चहा जीवनने केला. कप घेऊन दारात उभा होता.

२४ मार्च

तळघरात गेले. मागे उभं राहून झील धरली. ठेका त्यांचं मशीन देतं. ढोलकीवाचून काहीही अडलं नाही.

कतारिना म्हणाली, "मागे का? इथे ये, माईकपाशी." जीवन कोपऱ्यात केबल गुंडाळत होता. घरी येताना म्हणाला, "तुमचं दोघींचं बरं जमलंय." आवाज थोडा वाकडा होता. मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू?

१४ एप्रिल

सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हार, मेणबत्ती, खीर. संध्याकाळी निळी साडी नेसून श्टुटगार्टला, जयंतीच्या कार्यक्रमाला. एक कडवं कतारिनाचं, एक माझ्या बाबांचं. बाबांचं मी म्हटलं – पुढे उभं राहून. झील पब्लिकने उचलली, आणि बरोबर जागी उचलली!

जीवन मागच्या भिंतीला टेकून ऐकत होता. उद्या आईला सांगायलाच हवं.

१५ एप्रिल

फोनवर कालचा कार्यक्रम सांगितला, मग ढोलकीचं सांगितलं आणि रडले. आई मग म्हणाली, "काल पुढं हुबी होतीस का मागं?"

"पुढे."

"मला नाही बोलावलं कधी पुढं तुझ्या बाबांनी. ती मात्र रोज पोटाशी. लई जळले गं मी तिच्यावर."

"ढोलकीवर?" मी विचारलं.

"फुटली ना? बरं झालं," आई म्हणाली.

आणि तिने ओळ धरली. बाबांची. पहिली. झील मी उचलली.