अर्धा शिजलेला भात

७ डिसेंबर २००२, शनिवार

अच्युत गेला.

लिहून पाहिलं. दोनच शब्द. तोंडाने अजून एकदाही म्हटलेले नाहीत.

सकाळी साडेदहाला भोपाळहून फोन. माझ्या जावेचा, चित्राचा, आवाज ओळखूच येईना — "ताई, हे बोलत नाहीयेत हो... आंघोळीला चालले होते..." मग शेजारच्या कुणी रिसीव्हर घेतला. हार्ट. डॉक्टर येईपर्यंतही थांबला नाही. बावन्न वर्षांचा! माझा धाकटा दीर.

रिसीव्हर ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बंद केला. भात अर्धाच शिजला होता. का बंद केला ते सांगता येणार नाही. हातानेच केला.

यांनी मला मागच्या अंगणात नेलं. डोळे लाल, आवाज मात्र फायलीवर शेरा मारल्यासारखा. "आईला आत्ता सांगायचं नाही. दिवाळीत अ‍ॅटॅक येऊन गेलाय. डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना? धक्का नको. तेरावं झालं की सगळे इथे येतील, मग सांगू. तू सांग. तुला जमतं."

मला जमतं! बारसं असो, भांडण असो, पुढे मीच. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली ना.

दुपारच्या गाडीने हे भोपाळला निघाले. आईंना सांगितलं, पेन्शनचे कागद अडकलेत. आई म्हणाल्या, "शनिवारी? ऑफिस तर बंद राहते ना." हे म्हणाले, सोमवारी सकाळीच हजर व्हायचंय. आई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. मफलर घे."

समोरच्या पूर्णिमाने खिचडी आणून दिली. आईंना सांगितलं, सिलिंडर संपलं. संध्याकाळी त्यांचं दूध तापवून दिलं. निम्मंच प्यायल्या.

८ डिसेंबर, रविवार

रविवार, नऊ वाजता. अच्युतच्या फोनची वेळ. गेली दोन वर्षं एक रविवार चुकला नाही. राज्य वेगळं झालं, सरकारी नोकर वाटले गेले; आमचे हे इथे रायपूरलाच राहिले आणि त्याचं नाव भोपाळकडच्या यादीत निघालं. तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "राज्य वाटून राहिले का माह्ये पोट्टे वाटून राहिले?" सगळे हसलो होतो.

पावणेनऊपासून आई फोनजवळच्या खुर्चीत. मी तांदूळ निवडण्याचं निमित्त करून समोर. नवाला फोन वाजला! माझ्या हातातलं सूप पडलं. मीच धावले. नणंद — राधिकाताई. अमरावतीहून रात्रीच भोपाळला पोचलेल्या. नुसत्या रडत होत्या. मी मोठ्याने म्हटलं, "हो हो ताई, सगळे बरे आहेत इथे. ठेवते."

"कोणाचा व?" आई भिंत धरून उठल्या होत्या.

"राधिकाताईंचा."

"राधाच होती ना? तिचाच आवाज होता ना?"

"हो, आई."

किती तरी वेळ उभ्याच होत्या. मग खुर्चीत बसल्या. साडेनऊ झाले, दहा झाले. अच्युत का नाही बोलला, हे विचारलंच नाही! देवाने वाचवलं.

दुपारी हाक मारली. म्हणाल्या, "माह्या हात कापून राहिला. आजपासून देवाचं मी नाही करत. पूर्णिमेले सांग, दिवा तिच्या हातून लावून घे." मला इतकं हलकं वाटलं! सुतकात देवांना हात कसा लावू, याच काळजीत होते.

९ डिसेंबर

यांचा फोन. काल अकराला सगळं उरकलं. परागने अग्नी दिला. मुंडण केल्यावर बापासारखाच दिसतो म्हणे. "आई?" "बऱ्या आहेत." "गुड," म्हणाले आणि फोनवरच रडायला लागले. छत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना ऐकलं नव्हतं.

मी नाही रडले. आई समोर बसून होत्या.

आईंना म्हटलं, अच्युत दौऱ्यावर आहे, बस्तरच्या सीमेकडे कुठेतरी, फोन लागत नाही. त्यांनी विचारलं नव्हतं. मीच सांगितलं. भोपाळचा माणूस बस्तरला कशाला जाईल? आता ते राज्यच वेगळं. धड खोटंही बोलता येत नाही मला.

१० डिसेंबर, मंगळवार

आज रडले. गोल बाजारात.

लोकरीच्या दुकानात गेले होते. आईंना घोट्यापर्यंतचे मोजे हवे होते. दुकानदाराने निळ्या लोकरीची लडी पुढे केली, "भाभीजी, देवरजी के लिए हर साल यही ले जाती हैं ना आप?" झालं! काउंटरवर डोकं ठेवून रडले. बिचारा पाणी घेऊन आला, पंखा लावला — डिसेंबरात पंखा!

मी लग्न होऊन आले तेव्हा अच्युत पंधराचा. गुडघे फुटलेले, खिशात कायम चिंचोके. माझ्या ट्रंकेतली इंग्रजी पुस्तकं पाहून म्हणाला, "वहिनी मॅडम, मले शिकवता का? पण घरात कोणाले सांगू नका, हसतीन." दुपारी सगळे झोपले की जिन्याच्या पायरीवर शिकवणी. "डाफोडिल्स म्हणजे काय व वहिनी?" मलाही ठाऊक नव्हतं. म्हटलं, झेंडूसारखं काहीतरी. मोठा झाल्यावर सिमल्याला गेला, तिथून कार्ड पाठवलं: "डाफोडिल पाहिलं. झेंडूसारखं नाही. तुम्ही फसवलं."

फसवलं. हो रे बाबा.

लोकर घेऊन आले. कशासाठी?

१२ डिसेंबर, गुरुवार

आमच्या ब्राह्मणपाऱ्याच्या वस्तीत बातमी दडत नाही. चार दिवस मी दारातच पहारा करतेय. कुणी येताना दिसलं की खाली उतरायचं, कोपऱ्यावरच गाठायचं, हात जोडायचे. "आईंना माहीत नाही. कृपा करून..." लोक पाणावल्या डोळ्यांनी परत जातात. आमची कमला भांडी घासता घासता म्हणाली, "दीदी, अम्माजी ला बता देतेव. पाप लगथे." तिला गप्प केलं.

आज गंगाधरराव निसटले. मामंजींचे मित्र, ब्याऐंशीचे. काठी टेकत मागच्या दाराने थेट आईंच्या खोलीत! मी धावत गेले आणि त्यांच्या मागे उभं राहून आईंना न दिसेल अशी मान हलवली — नाही, नाही. त्यांना कळलं. पलंगाजवळ बसले. मग म्हणाले, "यंदा थंडी लय आहे, शांताबाई."

"हव."

"राजधानी झाल्यापासून धूळही लय झाली."

"हव."

आणि धोतराचं टोक डोळ्यांना लावून हुंदके द्यायला लागले! मी घाईने म्हटलं, "सर्दी झालीय त्यांना."

आई म्हणाल्या, "गंगाधर, नाक पूस बापा. म्हातारपणी शेंबूड शोभत नाही." आणि उशीखालचा स्वतःचा रुमाल काढून दिला.

निघताना ते जिन्यात माझ्यावर चिडले. "मले माह्या मैत्रिणीसमोर रडू पण नाही देत तुम्ही लोक!"

१३ डिसेंबर

आज दिवसभर सिस्टर बर्नाडेट आठवतेय. जबलपूरची शाळा, सातवीचा वर्ग. भूगोलाच्या तासाला ती दारात आली आणि मंगला नावाच्या मुलीला बाहेर बोलावलं. खिडकीतून आम्हाला सगळं दिसत होतं. बागेतल्या बाकावर बसवलं, दोन्ही हात हातात घेतले, एकच वाक्य बोलली. मंगलाचे वडील गेले होते. ती ओरडली ते आम्हाला काचेतून ऐकू आलं. मग सिस्टर तिथेच बसली. प्रार्थनेची घंटा झाली, जेवणाची झाली, मदर स्वतः बोलवायला आली — ही उठली नाही. संध्याकाळपर्यंत.

नंतर मी विचारलं होतं, इतकं वाईट कसं सांगता येतं? म्हणाली, एका वाक्यात सांगायचं. मग उठून जायचं नाही.

एवढंच. इतकं सोपं.

१५ डिसेंबर, रविवार

आज आम्ही जे केलं ते कुठल्या तोंडाने लिहू?

शेखरची कल्पना. माझाच मुलगा. "मम्मी, दूसरा संडे है. दादी को शक हो जाएगा. पराग की आवाज़ बिल्कुल काका जैसी है. एक मिनट की बात है." मी म्हटलं, त्या पोराचा बाप जाऊन आठ दिवस झालेत रे! "तो दादी को भी खोना है क्या?" यांना फोन केला. हे म्हणाले, परागला विचारतो. पराग हो म्हणाला.

आणि नंबर मी लावला. मीच.

रिसीव्हर आईंच्या कानाला धरला. मला सगळं ऐकू येत होतं. "आई, मी... अच्युत." खरंच तोच आवाज!

आई मग म्हणाल्या, "जेवला का?"

"हो."

"आवाज बसला तुह्या."

"सर्दी झालीय, आई."

"सर्वायलेच सर्दी झाली यंदा." मग इतक्या हळू, इतक्या मायेने बोलल्या — "डोकं झाकत जा, बाळा. तिकडं थंडी लय. उघडं नको ठेवू, टोपी घाल. अन् चित्राले एकटी नको सोडू. तिच्याजवळ बसत जा."

तिकडे फोन ठेवल्याचा आवाज. आई रिसीव्हर कानाला तसाच धरून होत्या.

शेखर खूश. "देखा? कुछ पता नहीं चला." मी त्याच्या थोबाडीत मारली. सव्वीस वर्षांच्या मुलाच्या! मग दोघंही स्वयंपाकघरात उभे राहून रडलो, नळ सोडून, आवाज जाऊ नये म्हणून.

१६ डिसेंबर

दहावा. आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज सांगणारच होते. एकट्याच होतो. आईंच्या पायांना तेल चोळत होते. किती हलके झालेत पाय, वाळल्या शेंगेसारखे. मनात वाक्य तयार. हात हातात घ्यायचे, एका वाक्यात सांगायचं.

"आई, एक सांगायचं होतं."

आईंनी पाय ओढून घेतले. उठून बसल्या, पदर सारखा केला. माझ्याकडे सरळ पाहिलं. "सांग."

घड्याळ, नळ, बाहेर कुणा मंत्र्याच्या गाडीचा भोंगा.

"उद्या कमला येणार नाही. तिला अभनपूरला जायचंय."

आई मग म्हणाल्या, "बरं," आणि परत पाय पुढे केले.

१८ डिसेंबर, बुधवार

उद्या तेरावा. परवा सकाळच्या गाडीने सगळे येणार — हे, राधिकाताई, चित्रा, पराग. डॉक्टरांनाही घरी बोलावून ठेवलंय. मी सांगायचं. चार जणांसमोर, इंजेक्शन तयार ठेवून.

आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं. "आई, आपला अच्युत गेला." पहिल्यांदा "आई" वर थांबले. दुसऱ्यांदा "आपला" वर. पाचव्यांदा जमलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

पहाटे देवघरातून घंटा ऐकू आली. आई न्हाऊन देवांसमोर बसलेल्या, ओले केस पाठीवर. दिवा स्वतः लावलेला. हात कापत नव्हता.

"आज काही गोड कर व," म्हणाल्या. "तेरावा आहे ना."

मी दारातच.

"शिजत्या भाताखालचा गॅस तू बंद केला. सिलिंडर संपलं म्हणली, अन् संध्याकाळी त्याच्यावरच माह्यं दूध तापवलं. चूल थंडी कोणासाठी ठेवतात, मले माहीत नाही का? पण राधा का अच्च्या, ते रविवारी नऊपर्यंत नाही समजलं. त्या रात्री माह्ये दोघंही गेले होते."

मी म्हटलं, "आई, आपला अच्युत गेला." आता काय उपयोग! तरी म्हटलं.

"हव," त्या म्हणाल्या. शेजारचा पाट माझ्याकडे सरकवला. "आता बस इथं. तेरा दिवस मी एकटीच रडून राहिली."