हसऱ्या दाढेमागचे चौकोन

आदरणीय दाजी,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं ताईनं कळवलं, जीव भांड्यात पडला. (ती तुम्हाला मुद्दाम वरच्या मजल्यावर पाठवते, हेही कळलं. सोसा. लहानपणी मीही सोसलंय.) इकडे आम्ही मजेत. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही हसता, म्हणून पत्र.

तर दातांच्या डॉक्टरीणबाईंची पाटी. छापील पाट्यांनी आमचा धंदा खाल्ल्यापासून हातानं रंगवायचं वर्षभरातलं हे पहिलंच काम. हे बिघडलं असतं तर ब्रश माळ्यावर टाकून घरी बसायची पाळी होती. तुम्ही कॉम्प्युटरवर काढून पाठवलेली हसरी दाढ उघडली, तर स्क्रीनवर नुसते दोन डोळे आणि एक हसू! दाढ पांढरी, मागचा पडदाही पांढरा. दाजी घाईत दाढ काढायलाच विसरले, असं मी हिला म्हणालो (रागावू नका, तुमचा स्वभावच तसा). हिनं फोटो बघायच्या त्या प्रोग्राममध्ये कुठलंसं बटण दाबलं, आणि काय सांगू, मागे करडे-पांढरे चौकोन उमटले आणि दाढ अशी लख्ख दिसायला लागली! वा दाजी, म्हटलं, मानलं तुम्हाला.

मग पट्टी-पेन्सिल घेऊन बसलो. दोन हजार एकशे साठ चौकोन, चार दिवस. मान आखडली. एके ठिकाणी करड्याशेजारी करडाच आला, तेव्हा तुमच्या नावानं जे बोललो ते इथं लिहीत नाही. पाटी टांगून झाल्यावर तुम्हाला फोन केला, की बाबा, चौकोन जरा मोठे काढले असतेत तर काय बिघडलं असतं? तर तुम्ही विचारलंत, कसले चौकोन?

दाजी, चित्रामागे जिथं रंगच भरलेला नाही, तिथं काही नाही हे सांगायला कॉम्प्युटर चौकोन दाखवतो, हे आधी सांगायला काय झालं होतं? आणि काही नसेल तर त्यानं गप्प बसावं की! शिडी घेऊन पाटी उतरवायला धावलो, तर डॉक्टरीणबाई रस्त्यापलीकडे उभ्या राहून तिच्याकडेच बघतायत. संपलं, म्हटलं.

पण बाई खूश! चित्र त्यांनीही आपल्या कॉम्प्युटरवर पाहिलं होतं, त्यांनाही दाढ दिसली नव्हती, आणि त्या काम रद्दच करणार होत्या. चौकोनांमुळे दाढ लांबून उठून दिसते, असलं कलावंतालाच सुचतं, म्हणाल्या. मी लाजून मान खाली घातली. (दुखत होती, तरी घातली.) तेव्हापासून दोन घास जास्त जातात.

ताईला नमस्कार सांगा, आणि गुडघ्याला जपा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. बाईंनी तुम्हाला चौकोनांबद्दल विचारलंच, तर कॉम्प्युटरचं नाव काढू नका.

आणखी एक. बाई दुसरा दवाखाना काढतायत. तिथल्या पाटीसाठी त्यांना काहीतरी नवीन, अगदी माझ्या स्वतःच्या डोक्यातलं हवंय. तेव्हा त्या प्रोग्राममध्ये चित्रामागे चौकोनांशिवाय आणखी काय काय दाखवता येतं, तेवढं तातडीनं कळवा.