खिडकीबाहेरचं मत

नाना,

काल तुमची ती जसोंडीची मुलगी माझ्या वर्गात येऊन गेली. मुलगी कसली, माझ्याच वयाची बाई, केस माझ्याइतकेच पिकलेत तिचे. पण गाव जसोंडी, त्यामुळे तुमच्या तोंडी ती कायम 'जसोंडीची मुलगी'च होती, म्हणून मीही तसंच लिहिते. आता ती इथल्या कोर्टात वकिली करते. काळा कोट घालते, स्वतःची गाडी स्वतः चालवते, आणि इतवाऱ्याच्या बाजारातून निघाली की दुकानदार गल्ल्यावरून उठून तिला नमस्कार करतात. संविधान दिवसाला आमच्या प्राचार्यांनी पाहुणी म्हणून नेमकं तिलाच बोलावलं, आणि वर मलाच सांगितलं, "तुमच्या वडिलांची विद्यार्थिनी आहे मॅडम, तुम्हाला तर आनंदच होईल." आनंद! मी हसले, चहा-बिस्किटांचं बघितलं, अकरावी-बारावीची मुलं एका वर्गात दाटीवाटीने बसवली, आणि हे सगळं करताना माझ्या पोटात जे दुखायला लागलं ना, ते अगदी तेव्हासारखं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझी पोरगी शिकून नोकरीला लागली, तरी ते दुखणं आपलं जागच्या जागी.

तुम्ही शिकवायचात त्या शाळेत मला घातलंच नाहीत. "आपल्या वर्गात आपली मुलगी नको, लोक पक्षपात म्हणतील," म्हणालात आणि मला मुलींच्या शाळेत टाकलंत. त्यामुळे साऱ्या गावाला राज्यशास्त्र शिकवणारा माणूस माझ्या वाट्याला आला तो फक्त घरातला. आणि घरातले तुम्ही म्हणजे काय सांगू! जेवताना बोलायचं नाही. रेडिओ कधी लावायचा ते तुम्ही ठरवणार, भाजी कोणती ते तुम्ही ठरवणार, माझ्या दिवाळीच्या कपड्यांचा रंगसुद्धा तुम्हीच ठरवणार. आई काही विचारायला गेली की "बघू" म्हणायचात, आणि त्या "बघू"चा अर्थ नाही असा असतो हे मला फार लहानपणीच कळलं होतं. मूलभूत अधिकार वगैरे सगळं तुमच्या सायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत असायचं. ती पिशवी सकाळी शाळेत जायची आणि संध्याकाळी दारामागच्या खुंटीवर टांगली जायची.

शनिवारी मात्र तुमचं सभागृह भरायचं. सकाळची शाळा सुटली तरी बारावीचा वर्ग थांबायचा. एखादा विद्यार्थी अध्यक्ष होऊन तुमच्या खुर्चीत बसायचा आणि तुम्ही मुलांमध्ये बाकावर. मुलांनी तुम्हाला काहीही विचारायचं, तुमच्याविरुद्ध प्रस्ताव आणायचा, आणि तुम्ही उभं राहून उत्तर द्यायचं. ही पद्धत तुमचीच. दुसऱ्या कुठल्या मास्तरांची अशी हिंमत नव्हती. घरी यायला उशीर व्हायचा म्हणून आई माझ्या हातात डबा द्यायची, आणि मी तो घेऊन तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात, वर्गाच्या खिडकीशी उभी. आत जायला मला बंदी होती. डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा आणि सरळ घरी यायचं, असा तुमचा हुकूम. मी ठेवायचे, पण लगेच निघायचे नाही. तिथूनच पहिल्यांदा पाहिलं तिला. दोन वेण्या, लाल रिबिनी, पायात धुळीने भरलेल्या चपला, आणि बोलणं असं की जसं काही तुम्ही तिच्या मळ्यावरचे सालदार.

त्या शनिवारी तिने तुमच्यावर अविश्वास प्रस्ताव आणला होता. गावाकडून येणाऱ्या पोरांना उशीर झाला की तुम्ही पहिला तास बाहेर उभं करायचात, त्यावरून. मला अजून तिचा आवाज ऐकू येतो. "सर, बस काही आम्ही चालवत नाही. बस उशिरा आली तर ड्रायव्हरला उभं करा ना बाहेर! आमाले काहून?" वर्ग खो खो हसला. मी खिडकीत थिजले. वाटलं, आता हिची काही खैर नाही. आणि तुम्ही, नाना, तुम्ही हसलात! मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. तो हसरा माणूस मी त्याआधी पाहिलेलाच नव्हता. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की डब्याची कडी हातात रुतली तरी कळलं नाही. मग तुम्ही उभे राहून तुमची बाजू मांडलीत, शिस्तीचं वगैरे काय काय बोललात, ती मध्ये मध्ये तुम्हाला टोकत होती आणि तुम्ही चक्क थांबून तिचं ऐकत होतात. शेवटी अध्यक्ष झालेल्या पोराने हात वर करायला सांगितले. हात वर झाले. तेवढ्यात तुमची नजर खिडकीकडे वळली, आणि मी घाबरून डबा कट्ट्यावर ठेवून पळाले ती थेट घरी.

संध्याकाळी तुम्ही मावा जिलबी घेऊन आलात. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो, आणि जेवताना न बोलण्याचा नियम तुम्हीच मोडलात. "आज आमचं सरकार पडलं!" असं काही म्हणालात की जसं तुम्हाला पुरस्कारच मिळालाय. आईला काही कळलं नाही, ती म्हणाली, "पडलं तर जिलबी कशाला?" तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मला वाटलं, खिडकीत थांबले म्हणून आता बोलणी बसणार. बसली नाहीत. तुमचा मूड बघून मीच जीव मुठीत धरून विषय काढला. बारावीनंतर मला इंदूरला जायचं आहे, वकिली शिकायची आहे. तुम्ही जिलबीचा तुकडा मोडलात, आणि म्हणालात, "तुझं बी.एड.चं ठरलंय." मी म्हटलं, कोणी ठरवलं? आयुष्यात पहिल्यांदाच तसं विचारलं असेन. तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "घरात मतदान होत नसतं." बस्स. उठलात, हात धुतलेत. पुढे त्या जिलबीला मी हात लावला नाही. लग्नात माझ्या तीच जिलबी होती, तेव्हाही नाही लावला.

आणि मग उन्हाळ्यात काय केलंत? भर मे महिन्यात सायकल हाणत जसोंडीला गेलात. तिच्या बापाच्या केळीच्या बागेत बसून त्याला समजावलंत की मुलगी सज्ञान आहे, तिचं शिक्षण तिने ठरवायचं, तुम्ही अडवू शकत नाही. एकदा नाही, पुन्हा पुन्हा गेलात. तो तयार होईपर्यंत गेलात. तिला इंदूरला वकिलीला पाठवलंत. येताना त्याने दिलेली केळी आणलीत, ती आईने मला सोलून दिली, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडले. आई म्हणाली, "दुसऱ्याची पोर दूर पाठवणं सोपं असतं गं." एवढंच म्हणाली, आणि भाकरी उलटली. मला आईचाही राग आला. पण खरा राग तिचा. त्या लाल रिबिनीवालीचा. तिने माझं काय वाईट केलं होतं? काही नाही. तरी ती मला डोळ्यांसमोर नको होती. मी बी.एड. केलं, आता पोरांना राज्यशास्त्र शिकवते, बरं शिकवते असं म्हणतात. पण कोर्टाच्या रस्त्याने जायची वेळ आली की मी अजून लांबून वळसा घालून जाते.

तर काल. फळ्यापाशी उभी राहून तिने त्याच शनिवारची गोष्ट सांगितली. बसची, ड्रायव्हरची, तुमच्या हसण्याची. माझी पोरं टाळ्या पिटत होती. मी कोपऱ्यात खुर्चीवर, चेहऱ्यावर हसू चिकटवून. मनात म्हणत होते, सांग बाई, सांग, माझ्या बापाची गोष्ट मलाच सांग. मग ती म्हणाली, "पण बच्चों, सर पडलेच नसते. मतं सारखी सारखी झाली होती. आमच्या नियमात बरोबरीत प्रस्ताव बारगळायचा, म्हणजे सर वाचले होते. आम्ही तोंड पाडून बसलो. आणि सर स्वतःच उठले, म्हणाले, अध्यक्ष महोदय, एक मत बाहेर आहे, ते धरा. खिडकीकडे बोट केलं. आम्ही वळून पाहिलं तर खिडकीत कोणीच नाही, नुसता डबा! आम्हाला वाटलं, सरांनाच हरायचं होतं, म्हणून त्यांनी मनचं काढलं. पण ते हटूनच बसले. मत पडलंय म्हणाले, मी पाहिलंय."

नाना, मी हात वर केला होता. डबा डाव्या हातात होता, उजवा वर केला होता. प्रस्ताव बसचा होता, मला बसशी काय देणंघेणं? मी इतवाऱ्यातून चालत शाळेला जाणारी. पण तिने हात वर केला ना, म्हणून मीही केला. एकदा मलाही तुमच्या विरुद्ध हात वर करून बघायचा होता. आणि तुम्ही पाहिलंत तशी पळाले. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही नुसतं रागाने बघितलंत, किंवा बघितलंच नाहीत. तुम्ही तर ते धरलंत! त्याच मताने पडलात, त्याच्याच जिलब्या आणल्यात, माझ्याकडे बघत बसलात, आणि तासाभरात मला "घरात मतदान होत नसतं" असं ऐकवलंत. हे काय होतं, सांगा ना! जिथे माझा काडीचा हक्क नव्हता तिथे माझं मत मोजलंत, आणि माझ्या स्वतःच्या आयुष्याच्या वेळी मला विचारलंही नाहीत. मी रडू की भांडू, काही सुचत नाही.

आणि वर्गात पुढे काय झालं तेही ऐका. बारावीतली एक चुणचुणीत पोरगी उभी राहिली. "मॅडम, ये तो गलत हुआ न? जो सदन का सदस्य ही नहीं, उसका वोट कैसे गिन लिया?" सगळी माझ्याकडे बघायला लागली, कारण प्रश्न विषयाचा होता आणि विषयाची शिक्षिका मी. उठून उभी राहिले. म्हटलं, "बरोबर आहे तुझं. ज्याचं नाव यादीत नाही, त्याला मत नाही. ते मत अवैध." माझ्या तोंडाने मीच माझं मत रद्द केलं, नाना. आवाज जरासा कापला, पण पोरांना वाटलं, वडिलांच्या आठवणीने मॅडमना भरून आलं. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

कार्यक्रम संपल्यावर तिला गाडीपर्यंत सोडायला गेले. कोट हातावर घेतला तिने, आणि थांबली. म्हणाली, "ताई, एक विचारू? तो डबा तर तुमच्याच घरचा असणार. कोण आणायचं हो? मी किती वर्षं विचार करतेय, खिडकीत होतं तरी कोण." डोळ्यांत अगदी लहान पोरीसारखी उत्सुकता. दुसरी कुठली बाई असती तर मी बोलून गेले असते. पण तिच्याकडे तुमचं हसणं आहे, तुमचे शनिवार आहेत, जसोंडीच्या मे महिन्यातल्या तुमच्या सायकलच्या फेऱ्या आहेत, तो काळा कोट आहे. मी म्हटलं, "शाळेचा शिपाई आणायचा." ती "अच्छा" म्हणाली, जरा हिरमुसली, आणि गेली.

हे पत्र तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, फाडून टाकणार आहे. एवढंच कबूल करते की तिने पुन्हा विचारलं तरी मी शिपायाचंच नाव सांगेन. तेवढं एक मत माझं आहे, ते मी तिला देणार नाही.