नेव्हिलला लघवी होत नाही

२ जून १९६९, सकाळ
वीस मिनिटं उभा. चार थेंब. कारण उघड आहे: थंडी, इथे जूनमध्ये हिवाळा. बाकी तब्येत ठणठणीत. सर्दीसाठी विमानवाल्या डॉक्टरने घरी ठेवायला दिलेल्या औषधपेटीतली सतरा नंबरची गोळी चालू आहे, डबल डोस. आजपासून चहा बंद.

३ जून
चहा सोडून उपयोग नाही, म्हणून परत सुरू. खरं कारण बद्धकोष्ठ. वाळवलेले आलुबुखार खाल्ले, अठरा. बायको, आयव्ही, असती तर डोकं खाल्लं असतं. चार वर्षं झाली, कुणी खात नाही.

४ जून, दुपार
इथे फोन नाही. डॉक्टरला विचारायचं तर दोन्हीकडून बोलायच्या रेडिओवर, आणि रेडिओला तीनशे मैलांतलं प्रत्येक घर कान लावून बसलेलं. शेजारच्या थेल्माच्या नवऱ्याची मूळव्याध आम्ही सगळ्यांनी क्रिकेटच्या स्कोअरसारखी ऐकली होती. माझं काही ऐकायला मिळणार नाही! शिवाय जॉइस टपलेलीच आहे. बाबा एकदा शहरात आले की मेंढ्या विकायच्या आणि त्यांना म्हाताऱ्यांच्या होममध्ये टाकायचं. मुलगी माझीच, ओळखतो तिला.

५ जून
युक्ती! रेडिओवर सांगितलं, माझा गडी नेव्हिल, त्याला लघवी होत नाही. डॉक्टरने वय विचारलं. बहात्तर सुटलं तोंडून. गड्याला जरा जास्तच झालं. डॉक्टर म्हणाला, या वयात प्रोस्टेट वाढतं. खडा असू शकतो, मार्ग अरुंद झालेला असू शकतो, साखरेने किंवा पाठीच्या माराने नसा बिघडतात. सर्दीच्या गोळ्यांनीही लघवी अडकते, नेव्हिल त्या घेतो का? म्हटलं, मूर्ख आहे, डबल घेतो. त्या आजच बंद करा, उद्या सकाळी विमान पाठवतो, म्हणाला. मी नको नको म्हणेपर्यंत थेल्मा मध्ये घुसली. अहो वॉली, त्याला एकटं सोडू नका हो, जवळ बसा त्याच्या.
बसलो.

६ जून
पोट दगडासारखं. विमान आलं. नेव्हिल कुठे आहे, हे डॉक्टरने विचारलंसुद्धा नाही. मलाच आडवं केलं आणि नळी घातली. दोन मोठ्या बाटल्या भरल्या. डोळ्यांतून पाणी आलं. सर्दी अजून गेलेली नाही.

१४ जून, हॉस्पिटल
प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. थेल्माने केक पाठवला. वर चिठ्ठी: नेव्हिलला, आम्हा सगळ्यांकडून. लोक किती भोळे असतात! केक छान होता. एकट्याला संपेना.

२० जून
उद्या घरी सोडतील, पण देखभालीला घरी कुणीतरी हवं. नाहीतर नाही. फॉर्म भरायला दिला. नाव लिहिलं: नेव्हिल. नातं: जवळचा.
सिस्टरने वाचलं. हसेल वाटलं होतं. खुर्ची ओढून बाजूला बसली. भरतीच्या कागदावरचा मुलीचा नंबर बघून हळूच म्हणाली, तुम्हा दोघांच्या वतीने मी जॉइसला फोन लावू का?
म्हटलं, नेव्हिलला विचारतो.
नेव्हिल हो म्हणाला.